घरात आलेला बाजा: सिंथेसायझरचा आपला इतिहास

मागच्या महिन्यात असरच्या नमाजनंतर माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील घरी आले. धाडमध्ये त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. हात धुऊन आले होते, तरी नखांत काळं ऑइल होतंच. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, सोयाबीनच्या भावाचं झालं. मग त्यांनी मूळ विषय काढला.

"सर, लडका बोलता है बाजा लेना. इलेक्ट्रिक वाला. अठ्ठाईस हजार का, वो भी सेकंडहँड. पहले ये बताओ, जायज है क्या? और दुसरा, इससे पेट भरेगा क्या?"

पोरगा कष्टाळू आहे. शिक्षण सोडलेलं नाही. मोबाइलवर गाण्यांच्या चाली जुळवतो. कुणीतरी औरंगाबादला रोलँडचा जुना कीबोर्ड विकायला काढलाय, तो आणून घराच्या मागच्या खोलीत मांडायचा, हेडफोन लावून वाजवायचा, लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं, असा त्याचा बेत.

मी मुफ्ती नाही आणि व्यापारीही नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर आहे. त्यामुळे दोन्ही प्रश्नांचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण मला ठाऊक होतं की त्यांचा खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो ते विचारणार नाहीत. त्यांचे वडील, म्हणजे पोराचे दादा, बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत मिरवणुकीच्या पुढे चालायचे आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यात शेवटी बसायचे. सोयरिक जुळवताना "बँडवाले का घर" हे शब्द दबक्या आवाजात उच्चारले जायचे. ही ओळख पुसायला या माणसाने तीस वर्षं पाने-पक्कड हातात धरली. आणि आता मुलगा पुन्हा बाजा घरात आणतोय.

त्यांना मी म्हणालो, "भाई, थोडा वेळ द्या, वाचून सांगतो." जे वाचलं, आठवलं, ते इथे लिहितोय. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात असा वाद चालू असेल त्यांच्यासाठीही.

आपोआप वाजणारी बासरी

सिंथेसायझर म्हटलं की जपान-अमेरिका आठवते. पण यंत्राने सूर वाजवण्याची कल्पना फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होते, मुहम्मद, अहमद आणि हसन. अब्बासी खलिफांच्या काळातले हे गणिती आणि यंत्रज्ञ. 'किताब अल-हियल' हा त्यांचा यंत्रांवरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याखेरीज त्यांनी आपोआप वाजणाऱ्या एका वाद्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. पाण्याच्या दाबाने हवा बासरीत जाते, एक नळकांडं सावकाश फिरतं, त्यावर बसवलेले खिळे तरफा उचलतात आणि बासरीची छिद्रं उघडझाप होतात. खिळ्यांची जागा बदलली की धून बदलते. आजच्या भाषेत सांगायचं तर धून 'प्रोग्राम' करता येते.

पुढे १२०६ साली अल-जझारीने दियारबकरच्या दरबारात राहून आपला यंत्रग्रंथ पुरा केला. त्यात एका नावेवर बसलेल्या यांत्रिक वादकांची रचना आहे. तिथेही फिरता दंडगोल आणि त्यावरच्या खुंट्या आहेत. ही खुंटी आणि विसाव्या शतकातल्या सिक्वेन्सरवरचं बटण यांच्यामागचा विचार एकच आहे. कोणता सूर केव्हा वाजेल हे आधी ठरवून ठेवायचं.

म्हणजे बाजा हराम की हलाल हा वाद ज्या समाजात चालू होता, त्याच समाजात बाजा वाजवणारं यंत्रही बनत होतं. वाद खोटा नव्हता. अनेक फकीहांनी वाद्यांना विरोध केला. अल-फाराबीने संगीतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. इमाम गझालींनी 'इह्या उलूम अल-दीन'मध्ये समाअवर स्वतंत्र भाग लिहून कोणतं ऐकणं योग्य, कोणतं अयोग्य याची चर्चा केली. आपल्याकडच्या चिश्ती सूफींनी समाअ जवळ केला. आमच्या जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर जाणारा माणूस आणि कव्वालीचा आवाज आला की खिडकी लावून घेणारा माणूस, दोघेही त्याच जुन्या चर्चेचे वारस आहेत. मी यात फतवा देणार नाही. एवढंच म्हणेन की हा मतभेद हजार वर्षांचा आहे, तो मिटवायचा भार अठरा वर्षांच्या पोरावर टाकू नये.

परकी पेटी, आपली पेटी

दुसरा आक्षेप नेहमी येतो की हे आपलं वाद्यच नाही. ज्या कव्वालीला, भजनाला आणि नाट्यसंगीताला आज आपण अस्सल म्हणतो, तिचा आधार असलेली पेटी कुठली? हार्मोनियम युरोपातून आली. पायाने भाता मारायची पेटी कलकत्त्यात हाताने भाता मारायची झाली, जमिनीवर बसून वाजवता येऊ लागली, आणि दोन पिढ्यांत ती आपली झाली. मराठी रंगभूमीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत पेटीवादक म्हणून नावाजला गेला.

तरी तिच्यावरचा आक्षेप खरा होता. पेटीचे सूर पायरी-पायरीने बसवलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही, आणि श्रुतींचा बारीक फरकही दाखवता येत नाही. हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न आपल्या सांगली-मिरजेकडेच झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. श्रुतींची खात्री करून घ्यायला त्यांनी गळा कोणाचा घेतला? उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा. किराना घराण्याचे खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. ती श्रुतीपेटी रुजली नाही, पण यंत्राला आपल्या गळ्याच्या मापाने घडवायचा हट्ट त्यात होता.

आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं. ही बंदी तीस वर्षं टिकली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सैल झाली. त्या तीस वर्षांत पेटी कुठल्या गावातून, कुठल्या मंदिरातून किंवा दर्ग्यातून गेली का? उलट वाढलीच. वाद्य आपलं की परकं हे रेडिओ ठरवत नाही, वाजवणारे ठरवतात.

नागीण आणि क्लॅरिनेट

आता खऱ्या इलेक्ट्रॉनिक बाजाकडे येऊ. १९५४ साली 'नागिन' हा चित्रपट आला. संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातली पुंगीची धून इतकी गाजली की थिएटरात साप आल्याच्या दंतकथा गावोगावी पसरल्या. गंमत अशी की ती पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शाह, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी, यांनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर वाजवली होती. सोबत हार्मोनियमवर रवी होते, जे पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले.

क्लॅव्हिओलिन हे वाद्य फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ साली बनवलं. पेटीसारख्या पट्ट्या, आत व्हॉल्व्ह, बाहेर लाऊडस्पीकर. एका वेळी एकच सूर वाजतो. पण आवाजाचा पोत बदलता येतो, त्याला कंप देता येतो. सिंथेसायझरचं हे जवळचं पूर्वज.

पुढे काय झालं पाहा. विजेच्या वाद्याने गारुड्याच्या पुंगीची नक्कल केली. ती नक्कल ऐकून गावोगावच्या बँडवाल्यांनी ती क्लॅरिनेटवर बसवली. तोंडात रुमाल धरून नागीण नाचणारा वऱ्हाडी ज्या सुरावर डोलतो, तो सूर मुळात इलेक्ट्रॉनिक आहे. आमच्या या पोराचे दादा आयुष्यभर लग्नात जी धून फुंकत राहिले, ती एका सिंथेसायझरच्या पूर्वजाकडून आलेली होती. त्यांना हे कुणी सांगितलं नसेल.

आवाज बनतो कसा

वाचकांपैकी अनेकांना हा डबा आतून काय करतो असं वाटत असेल. वर्गात सांगतो तसं सांगतो.

पहिला भाग विजेचं कंपन तयार करतो. त्याला ऑसिलेटर म्हणतात. हा कच्चा आवाज कर्कश असतो. दुसरा भाग फिल्टर, म्हणजे गाळणी. कच्च्या आवाजातल्या नको त्या लहरी गाळल्या की कधी बासरीसारखं मऊ, कधी शहनाईसारखं धारदार काहीतरी उरतं. तिसरा भाग ठरवतो की आवाज कसा उगवेल, किती टिकेल, कसा विरेल. तबल्याची थाप झटक्यात उगवते आणि लगेच विरते, सारंगी सावकाश उगवते आणि टिकते. हे तीन भाग हाताने फिरवायच्या बटणांवर आणले की झाला सिंथेसायझर.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली विजेच्या दाबावर चालणारे हे भाग एकत्र जुळवले. सुरुवातीचा मूग कपाटाएवढा होता, वायरींचं जंगल असलेला. तसा एक मूग १९६९ साली अहमदाबादेत आला. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला. गीता साराभाई यांच्यासारख्या संगीताच्या जाणकार तिथे होत्या. अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा या भारतीयांनी त्यावर रचना केल्या. तीन-चार वर्षांत ते काम थांबलं आणि टेपा कपाटात गेल्या. ब्रिटिश संगीतकार पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्या अल्बमच्या रूपाने जगापुढे आल्या. पन्नास वर्षं कपाटात! मला यात एक धडा दिसतो. यंत्र संस्थेच्या खोलीत राहिलं, तर संस्थेचा उत्साह संपताच तेही संपतं. कुणाच्या तरी घरात आलं, तरच ते जगतं.

मुंबईचे घरमालक

१९७० साली मिनिमूग आला. कपाट आटोपशीर होऊन पेटीएवढं झालं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग आणण्याचं श्रेय केरसी लॉर्ड या पारशी वादकाला दिलं जातं. त्यांचे वडील कावस लॉर्ड तालवादक, भाऊ बर्जोर लॉर्डही तालवादक. 'आराधना'मधल्या 'रूप तेरा मस्ताना'चा अकॉर्डियन याच केरसींचा. त्या काळात परदेशी वाद्य आणणं सोपं नव्हतं. जकात जबर होती. कुणी सिंगापूरहून आणलं, कुणी दुबईहून. एक वादक, एक यंत्र आणि ते वाजवू शकणारा तोच एक, म्हणून स्टुडिओत त्याला मागणी.

अशाच वादकांपैकी एक चरणजितसिंग. गिटार, बास, ट्रान्झिकॉर्ड, सगळं वाजवायचे. मुंबईच्या मोठ्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेका देणारं यंत्र, आणि टीबी-३०३ ही छोटी डबी, जी गिटारवाल्याला घरी सरावाला बासची साथ मिळावी म्हणून बनवली होती. देशात डिस्कोचं वारं होतं. 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं १९८० साली घराघरांत गेलं होतं, १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला. चरणजितसिंग यांनी विचार केला, ठेका डिस्कोचा ठेवू, पण वर राग वाजवू.

घरी बसून त्यांनी या यंत्रांचा मेळ बसवला. ८०८ आणि ३०३ एकाच लयीत धावतील अशी जोडणी केली, आणि ज्युपिटरवर भूपाली, ललित, यमन, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग वाजवले. पेटीला जी मींड जमत नव्हती, ती इथे जमली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय या सिंथेसायझरांत होती. देवल-क्लेमंट्सना जे लाकूड-पितळेत साधायचं होतं, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी एका सरदारजीने विजेवर साधलं. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी एचएमव्हीने काढली. खपली नाही. लोक विसरले.

इकडे टीबी-३०३ सुद्धा जगभर आपटली. सुमारे दहा हजार नग निघाले आणि १९८४ साली उत्पादन बंद झालं. पडेल भावात सेकंडहँड दुकानांत आलेली ही डबी शिकागोच्या गरीब कृष्णवर्णीय पोरांनी उचलली. तिची बटणं भलतीच फिरवली आणि त्यातून १९८७ साली 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली, एक नवा नाचगाण्याचा प्रकार जन्मला. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती चरणजितसिंगांची जुनी तबकडी लागली आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. ऐकणारे चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधी हाच आवाज मुंबईत वाजला होता. सत्तरी ओलांडलेले चरणजितसिंग युरोपात कार्यक्रम करायला गेले. २०१५ साली ते वारले.

या कथेतून "भारतीयाने आधी शोध लावला" असा जयजयकार करायची आपल्याला सवय आहे. मला तो नको वाटतो. मला दिसतं ते वेगळं. ज्या यंत्राला बनवणाऱ्या कंपनीने टाकून दिलं, त्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी घरात बसलेल्या माणसांनी शोधला, एकमेकांना न ओळखता. सेकंडहँड या शब्दाला म्हणूनच मी नाक मुरडत नाही.

आणि ही यंत्रं बनवणारा कोण होता? रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी. ओसाकाचे, लहानपणीच पोरके झालेले. सोळाव्या वर्षी त्यांनी घड्याळ दुरुस्तीचं दुकान टाकलं, मग रेडिओ दुरुस्ती, मग ऑर्गन. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. १९७२ साली रोलँड उभी केली. १९८३ साली अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांच्यासोबत त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी 'मिडी' पद्धत पुढे आणली. आपली गुपितं कुलपात ठेवण्याऐवजी सगळ्यांना खुली केली. त्यामुळेच घरातल्या टेबलावर एका कंपनीचा कीबोर्ड, दुसरीचं यंत्र आणि तिसरीचा संगणक एकत्र नांदू शकतो. गॅरेजवाल्या भाईंना मी हे मुद्दाम सांगणार आहे. दुरुस्ती करणाऱ्या हातांतूनच हा बाजा आलाय.

चेन्नईचं अंगण

घरातल्या स्टुडिओची आपल्याला सर्वांत जवळची कथा चेन्नईची. आर. के. शेखर हे मल्याळी चित्रपटांत संगीत संयोजन करायचे. १९७६ साली ते वारले तेव्हा मुलगा दिलीप नऊ वर्षांचा होता. घरात वाद्यं होती. ती भाड्याने देऊन आईने घर चालवलं. पोरगा शाळकरी वयातच कीबोर्ड वाजवून कमवू लागला. पुढे कुटुंबाने इस्लाम स्वीकारला आणि दिलीपकुमारचे अल्लारखा रहमान झाले. ए. आर. रहमान. १९८९ साली घराच्या आवारातच त्यांनी 'पंचतन रेकॉर्ड इन' हा स्टुडिओ उभा केला. यंत्रासाठी आईने, करीमा बेगम यांनी, दागिने विकले हे रहमान यांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्याच खोलीत घडलेलं 'रोजा'चं संगीत १९९२ साली देशाने ऐकलं.

पंचतन हे नाव वाचलं की आपल्यातल्या अनेकांना 'पंजतन' आठवतं. पण मला अधिक आठवतात ते दागिने. एका बेवा आईने, नव्याने मुस्लिम झालेल्या आईने, लेकाच्या बाज्यासाठी सोनं मोडलं. तिला कुणी जायज-नाजायज विचारलं असेल का? विचारलं असेल तर तिने काय उत्तर दिलं असेल? रहमान नमाजी आहेत, दर्ग्यांवर जातात, आणि रात्र-रात्र यंत्रासमोर बसतात. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या डोळ्यांसमोर आहे.

कुणाचे हात गेले

इथवरची गोष्ट विजयाची झाली. पण अर्धी गोष्ट सांगितली तर मी त्या बापाशी खोटं बोललो असं होईल.

जुन्या मुंबईच्या स्टुडिओत पन्नास-साठ वादक एका वेळी बसायचे. व्हायोलिनवर गोव्याचे ख्रिस्ती, तालवाद्यांवर पारशी, सारंगी-सतार-तबल्यावर मुस्लिम घराण्यांतले उस्ताद, ढोलकीवर मराठी वादक. जातधर्मांचा तो दुर्मिळ कारखाना होता. १९८० नंतर एक सिंथेसायझर वीस व्हायोलिनांची जागा घेऊ लागला. १९८५ साली रोलँडचा ऑक्टापॅड आला आणि आपल्या ऑर्केस्ट्रांत, बेंजो पार्ट्यांत एकच माणूस आठ रबरी चौकोनांवर ढोलकी, ताशा, संबळ सगळं बडवू लागला. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन वाजवली, त्यांचे पुत्र विजू शाह सिंथेसायझरचे बादशहा झाले, 'मोहरा'चं संगीत त्यांनी दिलं. पण सारंगीवाल्याच्या पोराने काय करायचं?

मिरजेचंच घ्या. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे मुस्लिम कारागीर. राजवटी गेल्या, हत्यारांचं काम गेलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या भोपळ्यातून तंबोरे-सतारी घडवू लागल्या. आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. दरम्यान बंगळुरूच्या जी. राज नारायण यांच्या राडेल कंपनीसारख्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. सोयीचा, स्वस्त, प्रवासात नेता येणारा. पुढे तो मोबाइलमध्ये फुकट आला. रियाजाच्या खोलीतला भोपळा कोपऱ्यात गेला. तलवारीवरून तंबोऱ्यावर आलेल्या हातांनी आता कुठे जायचं?

आणखी एक बारीक गोष्ट. आजच्या कीबोर्डमध्ये तबला, सतार, शहनाई हे 'टोन' म्हणून येतात. तो आवाज यंत्राने बनवलेला नसतो. कुठल्यातरी वादकाला बसवून त्याची एकेक थाप रेकॉर्ड केलेली असते आणि बटणामागे साठवलेली असते. आपण बटण दाबतो तेव्हा कुणाचातरी हात वाजतो. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. बँडच्या गणवेशातल्या माणसाचं नाव तरी कुणी विचारायचं?

मागची खोली

आता पोट भरेल का, हा प्रश्न. खरं उत्तर, फक्त यावर भरणं कठीण. कॅसिओने १९८० साली स्वस्त कीबोर्ड आणले आणि आमच्याकडे कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याला 'कॅसिओ'च म्हणू लागले. त्या काळी गावात ज्याच्याकडे कॅसिओ तो राजा. आज पेन ड्राइव्ह लावून डीजे लग्न उरकतो, त्याला वाजवणारा माणूसच लागत नाही. दादांच्या क्लॅरिनेटला कॅसिओने मागे टाकलं, कॅसिओला डीजेने. पोराने हे माहीत करूनच यात पडावं.

मात्र एक फरक आहे. दादा ज्या धंद्यात होते तिथे बोलावणाऱ्याची मर्जी, त्याचं दार, त्याची पंगत होती. मागच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला पोरगा कुणाच्या वरातीत चालत नाही. कव्वालीवाला, भीमगीतवाला, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाचंही काम त्याच्या टेबलावर येऊ शकतं, आणि ते काम घेऊन येणाऱ्याला त्याच्या घरी येऊन बसावं लागेल, चहा प्यावा लागेल.

गेल्या जुम्याला मी त्यांच्या घरी गेलो. हे सगळं थोडक्यात सांगितलं. काकेहाशींचं घड्याळाचं दुकान त्यांना आवडलं. करीमा बेगमच्या दागिन्यांवर पोराची अम्मी दारामागून काहीतरी पुटपुटली, ते मला नीट ऐकू आलं नाही. नागिनच्या धुनीचं सांगितलं तेव्हा ते उठले, कपाटावरून एक लांबट पेटी काढली. आत दादांची क्लॅरिनेट होती, तुकडे सुटे केलेली, जुन्या मलमलीत गुंडाळलेली. तीस वर्षांत ती विकली कशी नाही, असं मी विचारलं नाही.

त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. दाराशी निरोप घेताना एवढंच विचारलं, "सर, ये बाजा लाइट गई तो चलता क्या?"

"नाही," मी म्हणालो, "इन्व्हर्टर लागेल."

"हं," ते म्हणाले, आणि हिशेब करत आत गेले.